ऐंशी रुपयांचं कर्ज आणि रोजची वणाई

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

  

गेले पंधरा दिवस आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन येताहेत. उन्हाळा तोंडावर आलाय, गटाचा पापडाचा धंदा यंदा वाढवायचाय, भांडवल कुठून मिळेल? कुणी अनुदानाचं विचारतं, कुणी बँकेच्या कर्जाचं. एका ताईंनी तर सरळच विचारलं, की पैसा नसताना धंदा मोठा झाल्याचं एक तरी उदाहरण सांगा. म्हणून आज आम्ही योजनांची माहिती बाजूला ठेवलीय. आज बोलायचंय ते लिज्जत पापडाबद्दल आणि तो धंदा ज्यांनी सुरू केला त्या जसवंतीबेन पोपट यांच्याबद्दल.

लिज्जत हे नाव तुम्हाला नवीन नाही. किराणा दुकानात पाकिटं टांगलेली असतात. दूरदर्शनच्या जमान्यातल्या बायांना तो जाहिरातीतला हसरा ससाही आठवत असेल. तो बाहुला आपल्या रामदास पाध्यांचा. पण त्या पाकिटामागची गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतात: ऐंशी रुपयांपासून सुरुवात केली आणि उलाढाल सोळाशे कोटींच्या घरात गेली. ऐकायला छान वाटतं. टाळ्या पडतात. आणि आपण घरी येतो ते जसे गेलो होतो तसेच. कारण ऐंशी रुपये आणि सोळाशे कोटी यांच्यामध्ये काय घडलं, ते कुणी सांगतच नाही. आम्हाला त्या मधल्या भागातच रस आहे.

साल १९५९. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून एक वर्ष होतं. मुंबईत गिरगावात लोहाणा निवास नावाची जुनी इमारत होती. तिथं राहणाऱ्या गुजराती घरांतल्या बायकांची परिस्थिती बेताची होती. शिक्षण फारसं नाही, बाहेर नोकरी करायची सोय नाही. सकाळी नवरे कामावर, पोरं शाळेत गेली की हातात थोडा वेळ. आणि येत काय होतं? स्वयंपाक. दुसरं काही नाही. अशा सात जणी एकत्र आल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट त्यांच्यातल्या एक. बाकीच्यांत पार्वतीबेन होत्या, उजमबेन होत्या, बानुबेन, लागुबेन, जयाबेन होत्या. नावं मुद्दाम घेतोय, कारण पुढं एकच नाव मोठं होतं आणि बाकीची मागं पडतात. आपल्या गटांतही होतं तसं.

भांडवल म्हणून त्यांनी ८० रुपये कर्ज घेतलं. कुणाकडून? छगनलाल करमसी पारेख म्हणून एक समाजसेवक होते, लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात सुरू केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. त्या पैशातून पापडाचं सामान घेतलं. कुणाचा तरी तोट्यात चाललेला पापडाचा धंदा होता, तो सामानासकट हातात घेतला. १५ मार्च १९५९ या दिवशी इमारतीच्या गच्चीवर बसून सात जणींनी पापड लाटले. किती? चार पाकिटं भरतील एवढे. ती चार पाकिटं भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली.

इथं जरा थांबू या. चार पाकिटं! आपल्यातल्या कुठल्याही घरात उन्हाळ्यातल्या एका दुपारी याच्यापेक्षा जास्त पापड होतात. सासू-सून आणि शेजारीण बसली तर डांगर संपायच्या आत अंगण भरतं. म्हणजे हात त्यांचे आपल्यापेक्षा काही वेगळे नव्हते. वेगळं होतं ते त्यांनी पहिल्याच दिवसांत ठरवलेलं एक धोरण. कितीही तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, दान घ्यायचं नाही. कर्ज चालेल, ते फेडता येतं. देणगी फेडता येत नाही आणि देणारा कायम डोक्यावर बसतो.

आता तुम्ही म्हणाल, हे बोलायला ठीक आहे. आम्हालाही तसंच वाटलं होतं. पण पुढचा प्रकार ऐका.

पहिल्या वर्षीची त्यांची विक्री होती ६,१९६ रुपये. नफा नव्हे, विक्री. त्या वर्षात पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळणार कुठं? म्हणजे कामाचे महिने आठ. हिशेब केला तर दिवसाला पंचवीस-सव्वीस रुपयांची विक्री पडते, आणि तीन महिन्यांतच बायकांची संख्या पंचवीसच्या आसपास गेली होती. त्या काळात रुपयाला किंमत होती हे खरं, तरी त्यातून डाळीचं पीठ, हिंग, मिरी, पापडखार हे सगळं वजा करायचं. एकेकीच्या हातात फार काही पडत नसणार. आपला एखादा गट असता तर दुसऱ्या महिन्यात मोडला असता. त्यांचा मोडला नाही, उलट वाढला. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे बायका झाल्या, तिसऱ्या वर्षी तीनशेच्या वर.

का वाढला, याचं आमच्या मते पहिलं कारण म्हणजे वणाई. गुजरातीत लाटण्याला वणवुं म्हणतात, आणि लाटायची जी मजुरी ती वणाई. काल जेवढे पापड लाटून आणले त्यांचं वजन व्हायचं आणि त्याचे पैसे हातात मिळायचे. महिनाअखेर नाही, माल विकल्यावर नाही, दिवाळीनंतर तर नाहीच. ज्या बाईच्या घरी संध्याकाळच्या भाजीची पंचाईत आहे तिला वर्षाअखेरच्या नफ्याची गोष्ट सांगून काय उपयोग? तिला आज सात-आठ आणे मिळाले तर ती उद्या येते. आणि घरातलेही तिला जाऊ देतात. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं कारण जागा. एवढ्या बायका गच्चीवर मावेनात. तेव्हा त्यांनी काम फोडलं. पीठ एका ठिकाणी मळायचं, मळलेल्या पिठाचे गोळे वजन करून बायकांना द्यायचे, लाटणं आणि वाळवणं घरी. दुसऱ्या दिवशी पापड परत आणायचे, तपासायचे, वजन करायचं, पाकिटात भरायचं, आणि नवं पीठ घेऊन घरी जायचं. लिज्जतच्या शाखांमध्ये आजही कामाची रीत हीच आहे. पहाटे काही जणी पीठ मळायला येतात, बायकांना न्यायला-आणायला छोटी बस असते. लाटायला यंत्र नाही, पोळपाट-लाटणंच. यातलं मर्म असं, की चव मळण्यात आहे आणि मळणं एका जागी, एका मापानं. लाटणारे हात हजार असले तरी पापड एक. उडीद, हिंग, मिरी यांची खरेदीही एकत्रच होते. डाळ म्यानमारची, हिंग अफगाणिस्तानचा, मिरी केरळची, आणि सगळ्या शाखांना तोच माल. आपल्याकडं उलटं असतं. गटातल्या दहा जणी दहा घरी दहा चवींचे पापड करतात आणि एकाच पिशवीत भरतात. गिऱ्हाईक पहिल्यांदा घेऊन जातं ते शांताक्काच्या हातचं आणि दुसऱ्यांदा मिळतं ते आमच्या हातचं! मग ते तिसऱ्यांदा कशाला येईल?

सुरुवातीला त्या बायकांनीही दोन प्रतीचे पापड केले होते. एक चांगला, एक जरा हलका, स्वस्तात विकायला. छगनबाप्पांनी सांगितलं, असं करू नका. एकच करा, चांगला करा, आणि त्यात तडजोड नको. शिवाय हिशेबाची वही नीट ठेवायला लावली. या धंद्याकडं धर्मादाय काम म्हणून बघायचं नाही, धंदा म्हणूनच चालवायचा, हा त्यांचा आग्रह. म्हातारा कडक असणार, पण भला. मोडके पापड विकायचे नाहीत, शेजारीपाजारी वाटून टाकायचे, अशी त्या बायकांची पद्धत होती. शेजाऱ्यांची चंगळ झाली असेल, आणि जाहिरातही आपसूक होत असेल.

पावसाळ्याचं काय केलं? दुसऱ्या वर्षी एक बाज घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. बाजेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवून ठेवायचा. झाली वाळवणी. आठ महिन्यांचा धंदा बारा महिन्यांचा झाला तो एका बाजेमुळं. आम्हाला या सगळ्या गोष्टीत ही बाज फार आवडते. सौर वाळवणी यंत्रासाठी अर्ज करून दोन-दोन वर्षं वाट बघणारे गट आम्हाला माहीत आहेत. यंत्र मिळालं तर उत्तमच, अर्ज जरूर करा. पण तोवर बाज आहे. स्टोव्हजवळ पोरं फिरकणार नाहीत एवढं बघा आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

आता चुकलेलंही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट गोडच होत जाईल. १९६१ साली त्यांनी मालाडला शाखा काढली होती, ती चालली नाही. पहिल्या काळात काही जणी लहान मुलींनाही कामाला आणत. ते बंद करावं लागलं आणि अठरा वर्षांच्या आत कुणाला घ्यायचं नाही असं ठरलं. लिज्जत हे नावही पहिल्या दिवसापासून नव्हतं. १९६२ साली नाव सुचवायची स्पर्धा घेतली, बक्षीस पाच रुपये, त्यातून ते निघालं. गुजरातीत लिज्जत म्हणजे चव, स्वाद. पाच रुपयांत असं नाव! आपल्याकडं नुसतं लेबल छापायला शहरात माणसं किती घेतात ते तुम्ही जाणताच.

१९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली, श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या नावानं. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली आणि आठ लाख रुपयांचं खेळतं भांडवल मिळालं. लक्षात घ्या, सरकारी पैसा आला तो सात वर्षांनी. तोवर वही तयार होती, गिऱ्हाईक तयार होतं, तीनशेहून जास्त बायकांचे हात तयार होते. आम्ही सरकारी मदतीच्या विरोधात अजिबात नाही. माविम असो, उमेद असो, तो आपला हक्क आहे. पण बरेच गट पैसा आधी घेतात आणि काय करायचं ते नंतर ठरवतात. मग पैसा लोणच्याच्या बरण्यांत आणि रिकाम्या पिशव्यांत जाऊन बसतो.

१९६८ मध्ये महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा गुजरातेत वालोडला निघाली. पुढं खाखरा आला, मसाले आले, वड्या आल्या, कपडे धुण्याची पावडर आली. आज सुमारे ४५ हजार बायका या संस्थेत आहेत. ही नोकरदार माणसं नव्हेत, सभासद आहेत, एकमेकींना बेन म्हणतात, म्हणजे बहीण. पुरुष हिशेबनीस असतात, गाडी चालवतात, पण मालकी त्यांना नाही. नफा झाला तर सगळ्यांत सारखा वाटायचा. जुनी बेन आणि नवी बेन, मळणारी आणि लाटणारी, असा फरक नाही. आणि तोटा झाला तर तोही सगळ्यांचा. निर्णय एकमतानं घ्यायचा, एकीनं हरकत घेतली तरी तो अडतो. ऐकताना हे फार मंद वाटतं. पण आम्हाला वाटतं, इतकी वर्षं कुणी एक जण धंदा बगलेत मारून पळाली नाही ती याच मंदपणामुळं.

जसवंतीबेन यांच्याकडं बघा. दुसरीकडं कुठं असत्या तर मालकीणबाई झाल्या असत्या, कंपनीला त्यांचं नाव लागलं असतं. तसं झालं नाही. त्या इतरांसारख्याच एक सभासद. २०२१ साली सरकारनं त्यांना पद्मश्री जाहीर केली, तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. उद्योग-व्यापार या विभागात पद्मश्री, आणि भांडवल आयुष्यभर एक लाटणं.

आता एक बोच आहे ती बोलून टाकू. पापड लाटणं हे कष्टाचं काम आहे. पाठ धरते, गुडघे धरतात, खांदा दुखतो. लिज्जतमधली सामान्य बेन काही करोडपती झाली नाही. तिचं घर चाललं, पोरं शिकली, तिच्या नावाचा पैसा तिच्या हातात आला. आम्ही याला कमी मानत नाही. पण सोळाशे कोटी ऐकून कुणी बंगल्याची स्वप्नं बघत असेल तर ती बघू नका. आणि दुसरं असं, की त्या सात जणी गिरगावात होत्या. भुलेश्वरची पेठ पायी जाण्याइतकी जवळ. आपल्याला तालुक्याला जायचं तर एसटीची वाट बघण्यात अर्धा दिवस. हा फरक मोठा आहे. तो लपवून त्यांच्यासारखं करा असं सांगणं खोटं ठरेल. आपली पेठ म्हणजे आठवडे बाजार, शाळेजवळची दुकानं, रस्त्यावरचे ढाबे, लग्नसराईतले आचारी. त्यांचीच यादी करावी लागेल.

खरी अडचण मात्र तिथं नाही. ती उधारीत आहे. आमच्या ऐकण्यातला एक गट आहे, नाव सांगत नाही. त्यांनी उन्हाळ्यात चाळीस किलो पापड एका व्यापाऱ्याला दिले. पैसे दिवाळीनंतर देतो म्हणाला. चाळीस किलोची मागणी आली म्हणून गटात पेढे वाटले गेले. आपण त्याचा हिशेब घालू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या गावच्या भावानं बदलून घ्या.

समजा, एक किलो पापडाला डाळ, दळण, हिंग, मिरी, पापडखार, तेल मिळून २०० रुपये खर्च आला. पिशवी, चिठ्ठी आणि गाडीभाडं ३० रुपये. झाले २३०. विकले ३४० रुपयांना. राहिले ११०. आपण लगेच म्हणतो, किलोमागं ११० रुपये नफा! पण मळणं, लाटणं, वाळवणं, भरणं यात मिळून चार तास गेले. तासाला फक्त ३० रुपये धरा, शेतातल्या रोजापेक्षा कमीच धरलेत, तर १२० होतात. म्हणजे नफा नाहीच, किलोमागं १० रुपयांचा तोटा. तो दिसत नाही, कारण आपली मजुरी आपण वहीत लिहीतच नाही. बाईचा वेळ फुकट, हे दुसरं कुणी नाही, आपलीच वही सांगते.

आता उधारी. चाळीस किलोला २३० प्रमाणे ९,२०० रुपये गटाचे अडकले. बऱ्याच गटांत अंतर्गत कर्जाला शेकडा दोन रुपये महिना व्याज असतं. तेच धरलं तर महिन्याला १८४ रुपये. एप्रिल ते नोव्हेंबर, सात महिने, १,२८८ रुपये. किलोमागं ३२ रुपये झाले! एवढे पैसे गटानं त्या व्यापाऱ्याला न मागता दिले, वर चहाही पाजला. त्यातून पैसे बुडाले तर वेगळंच. आणि सात महिने लाटणाऱ्या बायकांच्या हातात काय? काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या गटातल्या चार जणी पापडाला आल्या नाहीत. त्यांचं चुकलं असं आम्हाला म्हणवत नाही.

वणाईची गोष्ट म्हणूनच एवढी लांबवली. रोजच्या रोज मजुरी द्यायची तर माल लवकर विकावा लागतो, रोख विकावा लागतो, आणि जेवढा विकेल तेवढाच करावा लागतो. एक नियम पाळला की बाकीचे त्याच्या मागून येतात. आपल्याला रोज जमणार नसेल तर आठवड्याला करा, बाजाराच्या दिवशी. गटाच्या बचतीतून मजुरीपुरती रक्कम वेगळी काढा. पन्नास किलोचा माल एकदम करण्यापेक्षा पाच किलो करा, विका, मजुरी वाटा, पुन्हा पाच किलो करा. दुकानदार उधारच मागत असेल तर पहिली पाच पाकिटं द्या, आणि त्याचे पैसे आले की पुढची. नाराज होईल. होऊ द्या. चांगल्या पापडाला गिऱ्हाईक विचारत आलं की तोच निरोप पाठवेल.

आणि मळणं एका घरी. याबाबतीत भांडणं होतात हे आम्हाला माहीत आहे. कुणाच्या घरी मळायचं, कुणाचं माप धरायचं, मिरी जाड की बारीक. एकदा बसून दोन-तीन प्रकार करा, भाजा, तळा, डोळे झाकून खा आणि ठरवा. ठरलेलं माप वहीच्या पहिल्या पानावर लिहा. जिला आपलाच पापड आवडतो तिनं तो घरच्यांसाठी लाटावा.

तर येत्या बुधवारी याच वेळेला आपण वहीचं काम करणार आहोत. गटातल्या एकीनं कागद-पेन घेऊन बसायचं. गेल्या उन्हाळ्यात किती किलो माल केला, सामानाला किती गेले, किती तास गेले, किती उधारी आली आणि किती अजून यायची आहे, एवढं आधी काढून ठेवा. मजुरीचा रकाना कसा घालायचा ते आम्ही सांगू. ज्यांना लिहायला अडचण आहे त्यांनी शाळेतल्या पोरीला शेजारी बसवा. आकडे जुळत नसतील तर तसेच घेऊन या, आपण रेडिओवरच जुळवू. बुधवारी, संध्याकाळी सहा वाजता.